‘माझं तसं काही नाही हो’

गेली दीड वर्षं ‘जर्मनीला का चाललास?’ असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी एकच उत्तर दिलं: पगार. कंपनीत पटलं, पाहुण्यांना पटलं, बँकेतल्या बाईंनाही पटलं. तिकडं पगार जास्त आहे हे खरंच आहे. पण फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतून भाग बनवण्याच्या कारखान्यात, मेथड्सचं (साचा कसा करायचा, धातू कसा ओतायचा हे ठरवायचं) काम करणाऱ्या इंजिनिअरला पुण्यातही बरा पगार मिळतो, आणि तशा दोन नोकऱ्या मी यापूर्वी सोडून दिल्या होत्या. का, तर मला कोल्हापूर सोडायचं नव्हतं. जाण्याआधी खरं कारण एकदा लिहून ठेवावं म्हणून हे लिहितोय.

खरं कारण एक फ्लॅट आहे. म्हणजे फ्लॅटसुद्धा नव्हे, त्या फ्लॅटच्या मालकांचं फोनवरचं एक वाक्य.

माझं आडनाव कांबळे. कोल्हापुरात एवढं सांगितलं की बहुतेक वेळा पुढचं सांगावं लागत नाही. गाव करवीर तालुक्यातलं, पंचगंगेच्या काठचं. आमची वस्ती गावाच्या कडेला. आजोबांच्या वेळी तिचं नाव वेगळं होतं, आता कमानीवर सिद्धार्थनगर लिहिलंय. पणजोबा पंधरा वर्षांचे असताना माणगावच्या परिषदेला चालत गेले होते, असं आज्जी सांगायची. २१ आणि २२ मार्च १९२०. शाहू महाराजांनी तिथं जमलेल्या लोकांना सांगितलं की तुम्हाला तुमचा पुढारी मिळालाय, आणि तो पुढारी म्हणजे तेव्हाचे तरुण डॉ. आंबेडकर. आज्जी हे असं सांगायची की जणू तीच त्या मांडवात बसली होती. तिच्या तोंडून ऐकलेली दुसरी गोष्ट गंगाराम कांबळेंची. पाण्याला शिवले म्हणून मार खाल्लेल्या या माणसाला महाराजांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढायला लावलं आणि स्वतः गाडी थांबवून त्यांच्या हातचा चहा घेतला. आज्जी म्हणायची, ‘आपला गंगाराम’. आमचा त्यांच्याशी काही नातेसंबंध नाही. तरी आपलाच.

हे एवढ्यासाठी सांगतोय की कोल्हापूर माझ्यासाठी नुसतं जन्मगाव नव्हतं. निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम २६ जुलै १९०२ ला निघाला तो याच संस्थानात. प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं १९१७ साली, महार वतन रद्द झालं १९१८ साली. बिंदू चौकात बाबासाहेबांचा पुतळा बसला तो ९ डिसेंबर १९५० ला, ते स्वतः हयात असताना. बाहेरगावचा मित्र आला की मी त्याला आधी अंबाबाईला नाही, बिंदू चौकात न्यायचो. इतर गावांत काहीही होवो, आपलं कोल्हापूर वेगळं आहे, हे मी मनापासून मानत होतो. माझा भ्रमनिरास एवढा मोठा झाला तो याच मानण्यामुळं.

६ मे २०२२. महाराजांना जाऊन शंभर वर्षं झाली त्या दिवशी सकाळी दहा वाजता अख्खं शहर शंभर सेकंद जागच्या जागी थांबलं. मी दसरा चौकात होतो. रिक्षा थांबल्या, भाजीवाली मावशी पाटी खाली ठेवून उभी राहिली, शाळेची मुलं हालली नाहीत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या गर्दीत पुढच्या बाजूला एक गृहस्थ उभे होते. त्यांची शाहू विचारांवरची दोन व्याख्यानं मी ऐकली होती, मागच्या रांगेत बसून टाळ्याही वाजवल्या होत्या. पुढच्याच आठवड्यात एजंटानं जो फ्लॅट दाखवला तो त्यांचा निघाला. मला फार बरं वाटलं. म्हटलं, जागा मिळायची तर अशा माणसाची मिळावी.

दुसरा मजला, टू बीएचके, गॅलरीतून कळंब्याच्या बाजूचा डोंगर दिसायचा. बायकोनं स्वयंपाकघराचा कट्टा हातानं मोजला. भाव ठरला, एक्कावन्न हजार विसार द्यायचं ठरलं. तोवर एजंट मला पहिल्या नावानंच हाक मारत होता. पावती करताना त्यानं आधार कार्ड मागितलं आणि पूर्ण नाव मोठ्यानं वाचत लिहिलं. मालकांनी मान वर करून बघितलं, हसले, सही केली. चहा दिला. स्टीलच्या पेल्यात नव्हे, कपातच दिला. मी कप बघितला, हे आता लिहिताना लक्षात येतंय. म्हणजे तेव्हाही आत कुठंतरी मी तपासतच होतो.

चौथ्या दिवशी फोन आला. ‘कांबळे साहेब, माझं तसं काही नाही हो. तुम्ही मला ओळखता. पण बिल्डिंगमध्ये सगळे जुन्या वळणाचे आहेत, वर म्हातारी माणसं आहेत. उद्या तुम्हालाच त्रास व्हायला नको. मी तुमच्या भल्यासाठीच सांगतोय.’ संध्याकाळी एजंट एक्कावन्न हजार घेऊन दारात. एक रुपयाचा गोंधळ नाही.

वकील मित्राला विचारलं. तो आमच्यातलाच. म्हणाला, तक्रार करायला अडचण नाही, पण लिहिणार काय? शिवी दिली नाही, जातीचं नाव घेतलं नाही, पैसे परत केले, वर तुझं भलं चिंतलं. अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा १९५५ चाही आहे आणि अ‍ॅट्रॉसिटीचा १९८९ चाही आहे, पण या वाक्याला पकडायला त्यात जागा शोधावी लागेल. मी तक्रार केली नाही. याची मला लाज वाटते की नाही हे अजून नीट कळलेलं नाही.

पुढच्या दोन महिन्यांत अजून पाच जागा बघितल्या. ‘माझं तसं काही नाही’ हे वाक्य एजंट बोलला, एका सोसायटीचे चेअरमन बोलले, एका ठिकाणी तर घरमालकीणबाईंनी माझ्या बायकोचा हात हातात घेऊन म्हटलं. कुणाचंच तसं काही नाही. प्रत्येकाचं बोट शेजारच्याकडं. दार मात्र बंद. समोर येऊन अडवणारा माणूस असेल तर त्याच्याशी भांडता येतं, आमच्या आधीच्या पिढ्या भांडल्याच. इथं भांडायचं कुणाशी? कंपनीतही तेच. ‘तुमच्या लोकांचं बरं असतंय, सगळं सवलतीत’ असं म्हणणारा सीनिअर मला आवडणारा माणूस होता आणि खासगी फाउंड्रीत कसलं आरक्षण नसतं हे त्यालाही माहीत होतं. त्याचं वाईट मी फार दिवस धरलं नसतं. फ्लॅटचं मात्र धरलं.

जर्मन शिकायला लागलो ते त्याच वर्षी गणपतीनंतर. आमच्या बॅचचा एक मित्र श्टुटगार्टजवळ होता, तिथल्या फाउंड्रीला म्हणजे गीसेरायला माणसं मिळत नाहीत असं त्यानं सांगितलं होतं. शिफ्ट संपली की आंघोळ करून साडेआठला ऑनलाइन क्लास. पहिल्याच आठवड्यात धडा होता ‘वोहेअर कोमेन झी?’, तुम्ही कुठून आलात? उत्तर द्यायचं: मी कोल्हापूरहून आलो. झालं, पुढचा विद्यार्थी. मी थांबून राहिलो, कारण आपल्याकडं हा प्रश्न इथं संपत नाही. गाव कुठलं, मग गावात कुठं, कुणाच्या आळीत, अमुक पाटील तुमचे कोण, असं करत करत तो वस्तीच्या कमानीपर्यंत येतो. भाषेच्या क्लासमध्ये तो गावाच्या नावापाशी थांबला. फार छोटी गोष्ट आहे, पण मी त्या रात्री व्याकरणाचं पुस्तक बंद केलं नाही.

ए-वन, ए-टू, बी-वन अशा तीन परीक्षा पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात दिल्या. बी-वनला बोलण्याच्या भागात पहिल्यांदा नापास झालो, दुसऱ्यांदा सुटलो. ब्लू कार्डला, म्हणजे शिकलेल्या परदेशी माणसाला तिथं कामासाठी मिळणाऱ्या परवान्याला, भाषेची सक्ती नव्हती, पण बी-वन असेल तर तिथं कायमचा राहण्याचा परवाना २७ ऐवजी २१ महिन्यांत मागता येतो आणि शॉप फ्लोअरवर इंग्रजी चालत नाही, म्हणून केलं. बाकी प्रक्रिया ज्यांना करायची असेल त्यांनी घाबरू नये, ती कंटाळवाणी आहे, अवघड नाही. आधी आनाबिन नावाच्या त्यांच्या यादीत आपलं विद्यापीठ आणि पदवी बघायची. मग करार. इंजिनिअर हा तिथं टंचाईचा व्यवसाय धरतात, त्यामुळं पगाराची किमान मर्यादा थोडी कमी असते. २०२५ साली ती वर्षाला ४३,७५९.८० युरो होती. मी चौऱ्याहत्तर अर्ज केले, त्यातल्या पाच जणांनी मुलाखत घेतली, एकानं घेतलं. मुलाखतीत त्यांनी एका पंपाच्या बॉडीचा फोटो दाखवून ब्लोहोल, म्हणजे ओतलेल्या धातूत गॅसमुळं राहिलेली भोकं, कशामुळं आले असतील ते विचारलं. कोअरमधला, म्हणजे साच्यातल्या वाळूच्या गाभ्यातला, गॅस बाहेर निघायला वाट नाही, असं म्हणून मी व्हेंट कुठून काढायचे ते कागदावर काढून दाखवलं. वीस मिनिटं आम्ही वाळू आणि तापमान यांवरच बोललो. शेवटी त्या माणसानं विचारलं की तुमचं आडनाव कसं उच्चारायचं. त्याला ‘ळ’ जमेना. तीन वेळा प्रयत्न केला, हसला, पुन्हा केला. माझं आडनाव कुणी नुसतं आवाज म्हणून तोंडात घोळवलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

आता कागदांचं.

आमच्या माणसाला कागद नवे नाहीत. २००८ साली इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला जात पडताळणी करावी लागली तेव्हा दादा, म्हणजे माझे वडील, आणि मी गावच्या विद्यामंदिरात तीन दिवस बसलो होतो. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा लागतो. मुख्याध्यापकांनी लोखंडी पेटीतून जुनं जनरल रजिस्टर काढलं, धूळ झटकली, आणि १९३९ च्या पानावर आजोबांचं नाव सापडलं. देखणं अक्षर. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, आणि पुढं जात. बाबासाहेबांच्या मागून आजोबांनी धम्म घेतला, माझ्या दाखल्यावर बौद्ध लागलं. बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींत धरलं गेलं ते १९९० च्या दुरुस्तीनं, माझ्या जन्माच्या वर्षी. पण समितीपुढं शेवटी उपयोगी पडला तो १९३९ चाच शब्द. जो शब्द आजोबांनी टाकून दिला तोच नातवाला शिकण्यासाठी शोधत जावा लागला. आरक्षणाबद्दल मला कसलाही संकोच नाही, ते माझ्या पणजोबांच्या माणगावपर्यंतच्या पायपिटीचं आहे. पण तो शब्द माझ्या मागं किती लांबून चालत आलाय, हे त्या पानावर कळलं.

मुलीच्या पहिलीच्या प्रवेशाला, २०२३ साली, मीच फॉर्म भरायला गेलो. जातीच्या रकान्यापाशी पेन थांबलं. मनात आलं, मोकळा सोडावा. कारकून बाईंनी बघितलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, ‘मोकळा सोडू नका सर, पुढं दाखला काढताना हाच पुरावा लागतो, पोरीचं नुकसान होईल.’ त्या खरं आणि भल्याचं बोलत होत्या. मी लिहिलं. माझ्या हातानं, सहा वर्षांच्या पोरीच्या नावापुढं. आजोबांच्या नावापुढं कुणीतरी गुरुजींनी लिहिलं होतं, तिच्या नावापुढं तिच्या बापानं.

त्याच महिन्यात पासपोर्टचा अर्ज केला. चौकशीला आलेले हवालदार उंबऱ्यात चपला काढून आत आले, कागद बघितले, शेजाऱ्यांची नावं घेतली. निघताना भिंतीवरच्या फोटोकडं बघून अगदी खालच्या आवाजात ‘जय भीम’ म्हणाले. मीही म्हणालो. ‘परदेशी चाललाय? जावा. माझं पोरगं बी जर्मनच शिकतंय,’ एवढं बोलून गेले. पासपोर्ट आला तेव्हा मी तो उलटसुलट करून वाचला. नाव, आडनाव, जन्मगाव कोल्हापूर, आईवडिलांची नावं, पत्ता. जातीचा रकाना नाही, धर्माचाही नाही. भारत सरकारनंच दिलेला कागद, त्यावर मी नुसता भारतीय. असा कागद देता येतो तर.

दादांना सांगणं सगळ्यांत अवघड गेलं. ते एसटीत मेकॅनिक होते, गावातली चौदा एप्रिलची मिरवणूक त्यांनी तीस वर्षं ओढली. मी सांगून संपल्यावर बराच वेळ ते अडकित्त्यानं सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, ‘बाबासाहेब अमेरिकेतनं शिकून आलं, बडोद्यात त्यास्नी ऱ्हायला जागा दिली न्हाई. पारशाच्या खानावळीतनं काठ्या घिऊन हाकललं. म्हणून देश सोडला व्हय त्यांनी?’

हे १९१७ चं. मला माहीत होतं. मी म्हणालो, ‘दादा, त्यांनी बडोदं सोडलं.’

‘बडोदं सोडलं, देश न्हाई.’

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही. मी एवढंच म्हणालो की मला ते बळ नाही, मी दमलोय. दादा म्हणाले, ‘चौतीस वर्षात दमलास?’ ते रागानं बोलले नाहीत. त्यांनी खरंच विचारलं होतं.

काकांचा राग सरळ होता. शिकलेली पोरं अशी निघून गेली तर वस्तीत राहिलेल्यांचं काय? माझा चुलतभाऊ वीटभट्टीवर आहे, त्याच्यासाठी श्टुटगार्ट नाही. जाणं हेसुद्धा ज्याला परवडतं त्यालाच परवडतं. काकांचं म्हणणं चूक आहे असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या एका चुलतभावानं वेगळी वाट काढली, राजपत्रात जाहिरात देऊन गावावरून ‘कर’ लावलेलं आडनाव घेतलं. त्याला पुण्यात फ्लॅट मिळाला. घरी कोण आलं की तो आधी भिंतीवरचा फोटो कपाटात ठेवतो. मलाही एजंटानं हाच उपाय सुचवला होता. ते मात्र मी करणार नाही. आडनाव गंगाराम कांबळेंचं आहे.

आईचा प्रश्न सगळ्यांत शहाणा. ‘तिथं काळ्यागोऱ्याचं असतंय म्हणं. मग हितलं काय वाईट हाय?’ मी तिला खोटं सांगितलं नाही. हानाऊ नावाच्या गावात फेब्रुवारी २०२० मध्ये एका माणसानं वंशद्वेषातून नऊ जणांना गोळ्या घातल्या, हे मी वाचलंय. मित्र सांगतो, परदेशी नाव बघून घरमालक मेलला उत्तरच देत नाहीत, त्याला जागा मिळायला पाच महिने लागले. तिथं २००६ पासून समान वागणुकीचा कायदा आहे, त्यात वंश आहे, धर्म आहे, जात हा शब्द नाही. आणि मराठी माणसं भेटली की तिसऱ्या वाक्याला आडनाव विचारतातच. अमेरिकेत सिएटल शहरानं फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून भेद करायला कायद्यानं बंदी घातली, ती उगाच नाही घातली. जात विमानात बसते. आईला मी म्हणालो, तिथं मला नाकारणारा माणूस परका म्हणून नाकारेल. त्याचं मला दुःख होईल, पण मी तिथं परकाच असेन. इथं मी परका नाही. ती म्हणाली, ‘न्हाईस रे बाबा,’ आणि उठून भाकरी टाकायला गेली.

व्हिसाच्या तारखेला महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला गेलो. बोटांचे ठसे, फोटो, वीस मिनिटांत बाहेर. काही आठवड्यांनी पासपोर्ट कुरिअरनं आला. पाच वर्षांनी तिथलं नागरिकत्व मागता येतं. त्यांचं सरकार जुनं सोडा म्हणत नाही, पण भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, ते घेतलं की हा पासपोर्ट जातो. त्याचं काय करायचं ते मी ठरवलेलं नाही. २०१९ च्या पुरात आम्ही अख्खं गाव आठ दिवस हायस्कूलमध्ये होतो, एकाच काहिलीतली आमटी सगळ्यांनी खाल्ली, पाटलांची म्हातारी माझ्या आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. पाणी ओसरलं, जो तो आपापल्या आळीत गेला. ते आठ दिवस खोटे नव्हते. त्यांच्यामुळंच ठरवता येत नाही.

परवा बॅग भरत होतो. पहिल्यांदा मी एकटाच जाणार, बायको आणि मुलगी तीन महिन्यांनी येतील. दादा आतून प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. तीत १९३९ चा उतारा, माझा जातीचा दाखला आणि पडताळणीचं प्रमाणपत्र, लॅमिनेशन केलेलं.

‘हे बी घे.’

‘दादा, तिथं ह्याचं काय काम न्हाई.’

‘तुझं नसंल. पोरगी उद्या शिकायला माघारी आली तर?’

मी घ्यायला हात पुढं केला, तर त्यांनी पिशवी मागं घेतली. प्रवासात गहाळ व्हायला नको म्हणाले. चौकात जाऊन मी तीन-तीन झेरॉक्स काढून आणल्या. एक संच बॅगेत करारपत्राखाली घातला. मूळ कागद दादांनी पिशवीत परत ठेवले, गाठ मारली, आणि कपाटाची किल्ली माझ्या मुलीच्या हातात देऊन कुठं अडकवायची ते तिला दाखवलं.